आता हिला धावू द्यायचं का?



मागं अंबडला एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते झाले, व्याजाचा हिशोब झाला, चहा झाला. उठता उठता एक आजी जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, आमच्या नातीला रक्ताचा कॅन्सर झाला होता. औषधं बंद होऊन तीन वर्षं झाली. आता बरी आहे. पण शाळेत शर्यतीत नाव देते म्हणते. तिचा बाप नको म्हणतो, मी पण नको म्हणते. जिवावरचं एवढं टळलंय, कशाला पळायचं? पण पोरगी रडते. काय करू?"

मी डॉक्टर नाही, त्यामुळं तिथल्या तिथं उत्तर दिलं नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला. शोधायला लागले तेव्हा कळलं की हा प्रश्न जगात फार नवा आहे. आजींच्या आजीला तो पडलाच नसता. त्या काळी असं पोर वाचतच नव्हतं, मग त्याला धावू द्यायचं की नाही हे कोण विचारणार? म्हणून आजच्या बोलण्यात आधी ही मुलं वाचायला कशी लागली ते सांगते. त्या गोष्टीत आपल्या बायकांचा मोठा हात आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही.

१९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईला आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बाया पांढऱ्याफटक पडत, धाप लागे, कित्येक बाळंतपणात जात. हे कशानं होतं ते शोधायचं काम त्यांच्याकडं होतं. परळच्या हाफकिन संस्थेत त्या काम करत. बायांच्या खाण्यात काय आहे, काय नाही, हे त्यांनी बारकाईनं पाहिलं. शेवटी यीस्टचा अर्क, म्हणजे पाव फुगवायला जे वापरतात त्याचा अर्क दिला, तर रक्त भरून येतं असं त्यांच्या लक्षात आलं. १९३१ साली त्यांनी ते छापून सांगितलं. त्या अर्कातली गुणाची वस्तू पुढं ओळखू आली. तिचंच नाव फॉलिक अॅसिड. आशाताई गरोदरपणात लोहाबरोबर जी गोळी देतात, त्यातलं हे फॉलिक. त्या गोळीचं मूळ आपल्या परळच्या गिरणीवाल्या बायांच्या रक्तात आहे.

आता गंमत पाहा. फॉलिकनं रक्ताच्या पेशी वाढतात. मग रक्ताच्या कॅन्सरमध्ये ज्या पेशी बेसुमार वाढतात, त्यांचं फॉलिक तोडलं तर? अमेरिकेत बॉस्टनला सिडनी फार्बर नावाचे मुलांचे डॉक्टर होते, त्यांनी हे करून पाहायचं ठरवलं. फॉलिकसारखं दिसणारं पण उलटं काम करणारं औषध त्यांना मिळालं ते एका भारतीय माणसाच्या प्रयोगशाळेतून. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव हे ते शास्त्रज्ञ. फार्बरनी १६ मुलांना औषध दिलं, त्यातली १० सुधारली. १९४८ साली हे छापून आलं. ती सुधारणा काही महिन्यांचीच होती, आजार परत आला. पण तोवर रक्ताच्या कॅन्सरचं मूल दोन-तीन महिन्यांचं सोबती असं सगळे धरून चालत. त्या दिवसापासून तसं धरायचं कारण उरलं नाही.

दुसरं औषध तर आपल्या अंगणातलं आहे. सदाफुली. तिच्यातून काढलेलं व्हिन्क्रिस्टिन १९६३ पासून अमेरिकेत वापरात आलं आणि आजही रक्ताच्या कॅन्सरच्या जवळजवळ प्रत्येक मुलाला ते सुईतून दिलं जातं. (इथं एक सांगते आणि पुढं जाते. हे ऐकून कुणी सदाफुलीची पानं उकळून प्यायची नाहीत, पोराला तर मुळीच द्यायची नाहीत. ती झाडं विषारी आहेत. औषध त्यातून कणाकणानं काढून, मोजून देतात.)

आपल्याकडं परळलाच टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या, त्यांचे पती दोराबजी पुढच्याच वर्षी गेले आणि त्यांच्या नावाच्या ट्रस्टनं हे रुग्णालय बांधलं. पण मुलांचं खरं चित्र पालटलं ते १९८४ नंतर. मुंबईचं टाटा, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट या तिघांनी अमेरिकेतल्या डॉक्टर इयन मॅग्राथ यांच्या सोबतीनं औषधांचा एकच ठरीव क्रम बसवला. आपल्या रुग्णालयांना झेपेल, आपल्या मुलांना सोसेल असा. त्याआधी पाचातलं एखादं मूल वाचायचं, त्यानंतर उपचार घेतलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास मुलं वाचू लागली. या कामात टाटातले डॉक्टर सुरेश अडवाणी पुढं होते. त्यांना आठव्या वर्षी पोलिओ झाला. चाकाच्या खुर्चीतून ते वॉर्डात फिरत. ज्या माणसाला स्वतःला धावता आलं नाही, त्याच्या हातून इतकी मुलं पुन्हा धावण्याजोगी झाली.

मग वाचलेली मुलं मोठी होऊ लागली आणि डॉक्टरांना नवीनच गोष्टी दिसायला लागल्या.

अमेरिकेतले डॉक्टर ज्युलिओ डॅन्जिओ यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलं होतं की मूल नुसतं बरं करून भागत नाही, त्याचं पुढचं आयुष्य कसं जातं तेही पाहिलं पाहिजे. टाटामध्ये डॉक्टर पूर्णा कुरकुरे यांनी १९९१ च्या फेब्रुवारीत त्यासाठी वेगळी ओपीडी सुरू केली. तिचं नाव अॅक्ट क्लिनिक, म्हणजे उपचार संपल्यानंतरचं क्लिनिक. तिथं आजारी मुलं येत नाहीत, बरी झालेली येतात. वर्षातून एकदा. कुणी कॉलेजातून येतं, कुणी नोकरीतून रजा काढून, कुणी कडेवर स्वतःचं बाळ घेऊन.

या बऱ्या झालेल्या मुलांच्या शरीरात काय मागं राहतं ते आता जरा सविस्तर सांगते, कारण घरात हे कळत नाही आणि मग पोराला आळशी म्हटलं जातं.

सदाफुलीचं औषध नसांना सुस्त करतं, विशेष करून पायांच्या. पाऊल घोट्यातून वर उचललं जात नाही. मूल चालताना पाय आपटल्यासारखा आवाज येतो, ठेच लागते, पायातली चप्पल निघून मागं राहते. आपण म्हणतो, नीट चाल की! त्याला टाचांवर चालून दाखव म्हणा. टाचेवर उभं राहता येत नसेल तर तो नसांचा प्रश्न आहे, खोडकरपणा नाही. बहुतेकांचं हे औषध थांबल्यावर हळूहळू सुधारतं, पण काहींचं रेंगाळतं आणि त्यांना व्यायामाची, फिजिओथेरपीची गरज लागते.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तोंड गोल होतं हे सगळ्यांना दिसतं. मांड्यांचे स्नायू वितळतात आणि हाडं ठिसूळ होतात हे दिसत नाही. उकिडवं बसलेलं मूल हात न टेकता उठू शकत नाही, जिना चढताना कठडा धरतं. काही मोठ्या मुलांचं खुब्याचं हाड रक्त न पोचल्यानं खराब होतं. तेव्हा मांडीत किंवा जांघेत दुखतं म्हणून लंगडणारं मूल असेल तर मालीश करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि तिसरं, लाल औषध. सलाईनमधून लाल रंगाचं जातं म्हणून आयाबाया त्याला तेच नाव देतात. ते इटलीतल्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून निघालं. कॅन्सरवर जबरदस्त, पण हृदयाच्या स्नायूला कमजोर करतं. ही कमजोरी कधी कधी दहा-वीस वर्षांनी डोकं वर काढते. छातीला शेक, म्हणजे रेडिएशन, मिळालं असेल तर आणखी जपावं लागतं.

एवढं ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, म्हणजे आजींचंच बरोबर! हृदय नाजूक, हाडं नाजूक, मग बसवूनच ठेवलेलं बरं.

डॉक्टरांनाही खूप वर्षं असंच वाटत होतं. आजारी माणसानं पडून राहावं हा जुना नियम. साहेबांच्या देशात बाळंतिणीला आठवडा-दोन आठवडे खाटेवरून उतरू देत नसत. दुसऱ्या महायुद्धात खाटा कमी पडल्या म्हणून माणसांना लवकर उठवावं लागलं आणि पाहतात तो काय, लवकर उठलेली माणसं लवकर बरी होत होती. हृदयविकाराच्या रोग्याला सहा सहा आठवडे आडवं ठेवत. १९५२ साली बॉस्टनच्या दोन डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा केवढा गहजब झाला.

त्याच सुमाराची लंडनची गोष्ट मला फार आवडते. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दोघं एकाच गाडीत, एकाच धुरात, पगारही साधारण सारखाच. पण दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त आणि जिना चढउतार करत तिकिटं फाडणाऱ्या कंडक्टरांना कमी. १९५३ साली हे छापलं गेलं. आपल्या एसटीत बसाल तेव्हा आठवून बघा.

पण कॅन्सरमधून वाचलेल्या मुलांचं काय, हे कळायला आणखी पन्नास वर्षं गेली. अमेरिका आणि कॅनडात १९९४ पासून हजारो बऱ्या झालेल्या मुलांची वर्षानुवर्षं विचारपूस चालली आहे. त्यातून २०१८ साली १५,४५० जणांची माहिती पुढं आली. ते सगळे २१ वर्षांच्या आत कॅन्सर झालेले आणि आता मोठे झालेले. ज्यांनी आठ वर्षांच्या काळात आपला व्यायाम वाढवला, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा ४० टक्क्यांनी कमी निघालं. लिम्फोमा नावाच्या गाठींच्या कॅन्सरमधून वाचलेल्यांत चांगला घाम येईल असा व्यायाम करणाऱ्यांना हृदयाचे मोठे आजार निम्म्यानं कमी झाले, हे २०१४ साली आधीच दिसलं होतं. म्हणजे ज्या हृदयाला आपण जपून बसवून ठेवतो, त्यालाच चालतं ठेवण्याची गरज जास्त.

यावर एक शंका घ्यायला हवी, मी पण घेतली. जो आधीच धडधाकट तोच व्यायाम करणार, मग व्यायामानं तो टिकला की धडधाकट होता म्हणून टिकला? शंका रास्त आहे आणि त्या शास्त्रज्ञांनाही ती माहीत आहे. त्यांनी आजार, उपचार, वय हे सगळं हिशोबात धरून आकडे काढले, तरी अशा अभ्यासात थोडी शंका उरतेच. पण व्यायामानं स्नायू आणि दम वाढतो हे तर डोळ्यांसमोर दिसतं, त्याला पंधरा हजार माणसं लागत नाहीत.

आता आपल्या कामाचा आकडा. अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयात वाचलेल्या मुलांना मोठेपणी बोलावून त्यांची ताकद मोजली. मुठीची पकड, चालण्याचा वेग, थकवा, वजन. सरासरी वय ३३. म्हातारपणी अंग जसं खंगतं तसं खंगलेलं अंग पुरुषांत शंभरात जेमतेम ३ जणांचं होतं. बायकांत १३ जणींचं. तेहतिसाव्या वर्षी पासष्टीचं शरीर! हे २०१३ साली छापून आलं. बायकांत एवढं जास्त का, याची कारणं शरीरात असतील तशी राहणीतही असतील. माझं मत विचाराल तर, मुलगा बरा झाला की त्याला कुणी फार वेळ घरात ठेवू शकत नाही, तो बॅट घेऊन पळतो. मुलीला मात्र दोन वर्षं जपतो आणि मग थेट भांड्यांना बसवतो. खेळ मधल्या मध्ये राहून जातो. शिवाय आपल्याकडं मुलींना उपचारालाच कमी आणलं जातं. भारतातल्या मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींत कॅन्सरच्या मुलांपेक्षा मुली कितीतरी कमी दिसतात आणि हा फरक सगळाच निसर्गाचा नाही. जी मुलगी तिथवर पोचली, वाचली, घरी आली, तिला आपण खेळूही द्यायचं नाही?

कुणी म्हणेल घरकाम हाही व्यायामच. थोडा आहे. पण भांडी घासून धाप लागत नाही, उडी मारावी लागत नाही, तोल सांभाळावा लागत नाही. झिम्मा-फुगडीत हे सगळं आहे. फुगडीत पायाची पकड, हाताची ओढ, तोल आणि दम, चारही लागतात. भोंडल्याचा फेर तर आजारातून उठलेल्या मुलीसाठी फार चांगला. मनाला येईल तेव्हा फेरातून बाहेर पडून बसता येतं आणि कुणी हरत नाही.

आपला नाशिक जिल्हा पळणाऱ्या मुलींचा आहे हेही विसरू नका. सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला ब्राँझ पदक आणलं. त्यामुळं आमच्याकडच्या शाळांत धावण्याचं वेड आहे आणि आजींच्या नातीला ते लागलं तर त्यात नवल काय!

कॅन्सरमधून उठून ज्यांनी मोठं काही केलं त्यांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. कॅनडाच्या टेरी फॉक्सचा पाय १९७७ साली, अठराव्या वर्षी, हाडाच्या कॅन्सरमुळं गुडघ्याच्या वरून कापला. १९८० साली तो कृत्रिम पायानं १४३ दिवस रोज साधारण ४२ किलोमीटर पळाला, एकूण ५,३७३ किलोमीटर, संशोधनाला पैसे गोळा करत. आजार फुप्फुसात परत आला, म्हणून थांबावं लागलं. पुढच्या वर्षी तो गेला. त्याच्या नावाची दौड मुंबईतही भरली आहे. दुसरी हेली आर्सेनो. दहाव्या वर्षी गुडघ्याजवळ हाडाचा कॅन्सर, हाडाच्या जागी धातूची दांडी. २०२१ साली ती अवकाशात जाऊन आली. आणि मॉस्कोत २०१० पासून कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या मुलांच्याच क्रीडास्पर्धा भरू लागल्या. धावणं, पोहणं, फुटबॉल, टेबल टेनिस, बुद्धिबळ, नेमबाजी. आपल्या टाटामध्ये उपचार घेतलेली मुलंही तिथं खेळून आली आहेत.

खरं सांगायचं तर या थोरांच्या गोष्टींची मला थोडी भीती वाटते. त्या ऐकून एखादा बाप पोराला पहाटे उठवून पळवायला लागेल. ज्या मुलीला जिना चढताना दम लागतो तिला टेरी फॉक्स दाखवून काय उपयोग? तिला अंबडच्या गल्लीच्या टोकाच्या दुकानापर्यंत आज एकदा, आठ दिवसांनी दोनदा जाऊन यायचं आहे. मग कधीतरी पांडवलेणीच्या पायऱ्या. निम्म्यावर बसून पाणी प्यायचं, त्यात कमीपणा नाही.

जागतिक आरोग्य संघटना सगळ्याच मुलांना दिवसाला तासभर आणि मोठ्यांना आठवड्याला दीडशे मिनिटं तरी हालचाल सांगते. बऱ्या झालेल्या मुलांनीही तिथंच पोचायचं आहे, फक्त वाट हळूहळूची. आठवड्याला पाच-दहा मिनिटं वाढवत नेली तरी चालतात.

मात्र सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी आहेत. लाल औषध किंवा छातीला शेक मिळाला असेल तर हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टू-डी इको, शेवटची कधी झाली? शर्यत, कबड्डी, जड वजनं उचलणं हे इको पाहून ठरवायचं. पायात दांडी बसवलेली असेल तर उड्या आणि धावण्याऐवजी पोहणं किंवा सायकल चालेल का? एक मूत्रपिंड काढलं असेल तर पोटाला मार बसेल असे खेळ कोणते टाळायचे? उपचार चालू असतील तेव्हा तर रोज विचारायचं, कारण रक्तातल्या प्लेटलेट कमी असताना पडणं धोक्याचं असतं. त्या दिवसांत खाटेवर बसून पाय हलवणं, वॉर्डातून एक फेरी मारणं एवढंही पुष्कळ. आणि खेळताना छातीत दुखलं, भोवळ आली, धडधड थांबेना, तर खेळ तिथंच बंद करून दवाखाना गाठायचा.

शाळेच्या बाबतीत एक करा. पी.टी.च्या गुरुजींना किंवा बाईंना आईनं स्वतः भेटून सांगावं की काय चालेल आणि काय नाही. नुसतं "आजारी होती" असं कळलं की शाळा पोरीला सावलीत बसवून गुण लिहायचं काम देते. त्यांचाही दोष नाही, ते घाबरतात. डॉक्टरांकडून चार ओळींची चिठ्ठी आणली की त्यांची भीती जाते.

बऱ्या झालेल्या मुलांचा स्वतःचा एक गटही आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधारानं २००९ साली मुंबईत सुरू झाला, नाव 'उगम'. आपल्याला उगम म्हटलं की त्र्यंबकचा ब्रह्मगिरी आठवतो. त्या गटातली तरुण मुलंमुली वॉर्डात जाऊन सांगतात की मलाही हेच झालं होतं, पाहा मी इथं उभा आहे. आपल्याकडं मुलीचं लग्न अडेल म्हणून आजार लपवतात, तेव्हा असं उघड बोलायला काय लागत असेल ते तुम्ही जाणता. पण लपवण्यात एक धोका आहे आणि तो सांगायलाच हवा. लाल औषध घेतलेली मुलगी पुढं गरोदर राहिली तर हृदयावर ताण वाढतो. तेव्हा बाळंतपणाच्या डॉक्टरांना जुना आजार माहीत असावा लागतो, इको करावा लागतो. सासरी सांगितलं नाही म्हणून डॉक्टरांनाही सांगितलं नाही, असं होता कामा नये.

आजींना मी पुढच्या बैठकीत एवढंच विचारलं की नातीची फाइल कुठं आहे. त्यांना माहीत नव्हतं. मग सुनेनं पत्र्याच्या पेटीतून पिशवी काढली. त्यात इंजेक्शनची बिलं होती, धर्मशाळेची पावती होती, पण कोणतं औषध किती दिलं तो कागद नव्हता. तो कागद म्हणजे उपचाराचा गोषवारा. जिथं उपचार झाला तिथल्या ओपीडीत मागितला की मिळतो, मुलाचा केस नंबर मात्र लागतो. मिळाला की दोन झेरॉक्स काढा. एक माहेरी, एक मुलीजवळ, आणि मोबाइलमध्ये फोटो. आजींची सून पुढच्या तपासणीला मुंबईला जाणार आहे तेव्हा तो कागद आणि इको दोन्ही करून आणणार आहे. शाळेची शर्यत त्यानंतर दीड महिन्यानं आहे. तोवर पोरगी रोज संध्याकाळी आजीला घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत चालत जाते. आजी म्हणतात, तिला काही होत नाही, माझेच गुडघे बोलतात.